नवे टायर घालताना चाकातले हवेचा दाब मोजणारे सेन्सरही बदलायचे का?

होटगीरोडकर: गाडीला सात वर्षं झाली. गेल्या आठवड्यात चारही टायर नवे घातले. टायरवाला म्हणाला, "सेन्सर चांगलेत, राहू द्या." ऐकलं. चौथ्या दिवशी तुळजापूरला जाताना डाव्या मागच्या चाकाच्या हवेचा आकडा गेला, नुसत्या रेघा. बॅटरी संपली. ती सेन्सरच्या आत सीलबंद असते, वेगळी बदलता येत नाही आणि साधारण पाच ते दहा वर्षं चालते. आता नवाकोरा टायर रिमवरून पुन्हा उतरवा, पुन्हा बॅलन्सिंग करा, मजुरी दुसऱ्यांदा द्या. पाच वर्षं उलटली असतील तर टायरबरोबर चारही सेन्सर बदलून टाका, असं माझं ठाम मत आहे.

अक्कलकोट_नाका: नाही पटलं. एक गेला म्हणून चालू असलेले तीन का फेकायचे? टायर उतरवायच्या आधी स्कॅनर प्रत्येक चाकाजवळ धरायला लावा. सेन्सर सिग्नल देतोय का ते लगेच कळतं, बऱ्याच सेन्सरची बॅटरी किती उरली तेही दिसतं. दरवेळी बदलायचं ते वॉल्व्हचं (हवा भरायची नळी, सेन्सर तिलाच आतून जोडलेला असतो) रबर सील, नट आणि आतली पिन. माझ्या गाडीचं जुनं सील हातात घेऊन नखानं दाबलं तर कडेला बारीक चिरा पडलेल्या. हवा तिथूनच जायची आणि मी पंक्चर शोधत बसलो होतो. पिन निकेलचा मुलामा असलेलीच घाला. साधी पितळी पिन अॅल्युमिनियमच्या वॉल्व्हमध्ये गंजून जाम होते.

जुळे_सोलापूर: एवढा खर्च कशाला करायलाय ओ? हातातला गेज घ्या, दर रविवारी सकाळी गार टायरवर हवा बघा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. दहा अंश वाढले की हवेचा दाब दीड-दोन पीएसआयनं (दाब मोजायचं एकक) वाढतो, म्हणून दुपारी तापल्या टायरची हवा सोडू नका.

होटगीरोडकर: गेज माझ्याकडेही आहे. पण खिळा बुधवारी विजापूर रोडवर घुसला तर रविवारचा गेज काय सांगणार? आणि सेन्सर व पंक्चर किट असेल तर छोट्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती ऑक्टोबर 2020 पासून नाही. माझ्या भावाच्या गाडीत स्टेपनीच नाही, बायको-पोरं घेऊन रात्री पुण्याहून येतो. त्यानं सेन्सर बंद ठेवून चालेल का?

टायर_रोजचेच: दुकानात रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो. आधी तुमच्या गाडीच्या चाकात सेन्सर आहे का ते बघा. काही गाड्या एबीएसवरून (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या फेऱ्या मोजून हवा कमी झाल्याचं ओळखतात. त्यांत बदलायचं काही नसतं, हवा भरून सिस्टीम रीसेट केली की झालं. चाकात सेन्सर असेल तर कारागिराला मशिनवर चाक चढवायच्या आधीच सांगा. टायर रिमपासून सोडवताना मशिनचा दाब वॉल्व्हजवळ पडला, की चांगला सेन्सरही फुटतो. असे फुटलेले बरेच पाहिलेत.

होटगीरोडकर: स्कॅनरचं मान्य. उरलेले तीन उद्या तपासून घेतो. बॅटरी कमी दाखवली तर मात्र तिन्ही बदलणार, तिसऱ्यांदा मजुरी देणार नाही.