कला महाविद्यालयाची सहल: एका दिवसात दहा दालनं की दिवसभर एकच चित्र?

निळीशाई

थेट मुद्दा मांडते. आपल्या कला महाविद्यालयांनी संग्रहालयांच्या सहली आत्ता निघतात तशा काढणं बंद करावं. बसभर मुलं, दारात हजेरी, दालनांतून रांगेने चालणं, पायऱ्यांवर ग्रुप फोटो, आणि परत आल्यावर इंटरनेटवरून उतरवलेला सहल अहवाल. यातून चित्र बघायची सवय लागत नाही.

त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राला एकच मूळ चित्र किंवा शिल्प निवडावं आणि पेन्सिल-वही घेऊन त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा बसावं. संग्रहालयांनीही आठवड्यातली एक सकाळ यासाठी राखून ठेवावी. बसायला घडीचं स्टूल द्यावं, आणि "पुढे चला" असं कुणी म्हणू नये.

औंधचं उदाहरण देते, कारण तिथे मला हे नीट कळलं. सातारा जिल्ह्यातल्या या छोट्याशा गावात भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारलं. औंध संस्थानचे हे राजे स्वतः चित्रं काढायचे. यमाईच्या डोंगरावरच्या या इमारतीत राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार एम. व्ही. धुरंधर आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. कॉलेजच्या सहलीत ते सगळं आम्ही जेवणाच्या आधी उरकलं होतं.

पुढे मी एकटी गेले आणि रविवर्म्यांच्या एका चित्रासमोर बसले. रविवर्मा आपल्याला छापील चित्रांतून माहीत असतात. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, तेव्हापासून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. छापील चित्रात जरीचा काठ सपाट सोनेरी दिसतो. मूळ चित्रात सोनेरी रंग कुठेच नाही. पिवळ्या मातीचा रंग आहे, शेजारी गडद तपकिरी आहे, आणि उजेड पडतो तेवढ्याच जागी फिकट पिवळ्याचे जाडसर ठिपके आहेत. हातभर अंतरावरून ते नुसते ठिपके, चार पावलं मागे सरकलं की जर. तो काठ वहीत काढायला लागले तेव्हाच हे दिसलं. नुसतं बघताना मी सहलीत त्याच्यासमोरून निघून गेले होते.

मतं सांगा. विरोधी असली तरी हवीत.

घाटावरचा

सहलींबद्दल लिहिलंय ते शब्दशः खरं. पण तुमचा उपाय म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

आपलं कलाशिक्षण सुरूच नकलेपासून झालं. सर जमशेटजी जीजीभाईंच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय उभं राहिलं आणि पोरांच्या समोर काय ठेवलं? ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती. पुढे तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात जे.जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतली चित्रं उतरवून घेतली. तुम्ही म्हणता तसंच मूळ चित्रासमोर बसून. त्या प्रती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याचशा जळाल्या. शिवाय चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश चढवलं गेलं, त्याचा त्रास मूळ चित्रांना पुढे कितीतरी वर्षं भोगावा लागला.

आता दुसरी बाजू बघा. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट उभा राहिला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. यातल्या सूझांना त्याआधी दोन वर्षं जे.जे.तून काढून टाकलं होतं. या लोकांनी आधुनिक युरोपीय चित्रकला पहिल्यांदा पाहिली ती कुठे? नाझींच्या राजवटीतून निसटून मुंबईत आलेल्या ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमरसारख्यांच्या घरी, पुस्तकांत आणि छापील चित्रांत. मूळ चित्र समोर नसताना आपल्याकडची एवढी मोठी चळवळ उभी राहिली. मग मूळ चित्राचा हट्ट कशासाठी? मुलांना रस्त्यावर पाठवा, मंडईत पाठवा. दुसऱ्याच्या काठाची जर मोजून स्वतःचं चित्र येत नाही.

शेवटचीलोकल

मी सध्या शिकतोय, तिसऱ्या वर्षाला. निळीशाई ताई, कल्पना चांगली आहे, पण हे परवडणार कुणाला? आमच्या वर्गात निम्मी मुलं बाहेरगावची. खोलीभाडं, मेस, कॅनव्हास, तैलरंग. पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब घ्यायची तर त्या आठवड्यात चहा बंद. त्यात तिकीट आणि प्रवास, तोही पुन्हा पुन्हा? सबमिशनच्या आठवड्यात आम्ही झोपतसुद्धा नाही.

आणि संग्रहालयात आम्हाला कसं वागवतात तेही लिहितो. एका ठिकाणी (नाव घेत नाही) वही बाहेर काढली तर रखवालदार म्हणाला, परवानगीचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाला, यावर तारीख कालची आहे. बाजूला एक कुटुंब प्रत्येक मूर्तीच्या खांद्याला हात लावून सेल्फी काढत होतं, त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

जगातली मोठी संग्रहालयं चित्रांचे इतके मोठे फोटो साइटवर टाकतात की रंगाला गेलेले तडे मोजता येतात. मी रेम्ब्रांट असाच शिकलो, मेसमध्ये बसून. औंधची चित्रं एवढी महत्त्वाची असतील तर सरकारने ती मुंबईत आणावीत. राज्याचंच संग्रहालय आहे ना ते? इथे हजारो विद्यार्थी बघतील.

रेघोट्या

मुंबईत आणावीत?

मी माण-खटावच्या पट्ट्यात चित्रकला शिक्षक आहे. आमच्या पोरांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं मूळ तैलचित्र औंधचं असतं. यमाईच्या दर्शनाला आई-बापाबरोबर येतात, नारळ फोडतात आणि तशीच आत शिरतात. मुंबईच्या पोराला जहांगीर कलादालन आहे, तिथे आत जायला पैसेही पडत नाहीत. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. काळा घोड्याच्या एका चौकात एवढं सगळं आहे, आणि तरी आमच्या डोंगरावरची चित्रं हवीत? पंतप्रतिनिधींना ती मुंबईत टांगता आली नसती का? त्यांनी मुद्दाम गावात टांगली. छतातून येणारा उजेड चित्रावर कसा पडेल याचा विचार करून इमारत बांधली. ती चित्रं तिथल्या उजेडातच बघायची आहेत.

घाटावरचा, तुम्ही नकलेवर तुटून पडलात म्हणून सांगतो. नक्कल आमच्याकडे आहेच, फक्त भिकार गोष्टींची. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राची तयारी बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून होते. भाजीबाजाराचं एक चित्र पाठ, पावसातला बसस्टॉप पाठ, छत्रीवाला माणूस पाठ. परीक्षेत विषय कोणताही येवो, छत्रीवाला माणूस येतोच. दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षेला बसणारी पोरं आणखी काय करणार? त्यांना धुरंधरांनी काढलेला माणसांचा घोळका एकदा पेन्सिलीने उतरवू दे. कोण कुणाच्या मागे उभा आहे, मागच्याचे पाय कुठे जातात, हे त्यांना तिथे कळेल. पुस्तकातल्या छत्रीवाल्याला पायच नसतात.

दप्तरी

संग्रहालयात नोकरी करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणं भाग आहे. विरोध नाही, पण अडचणी खऱ्या आहेत.

कागदावरच्या चित्रांवर, म्हणजे लघुचित्रं, जलरंग यांच्यावर, साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पाडायचा नसतो. एवढ्या उजेडात डोळे सरावायलाच काही मिनिटं लागतात. लोक तक्रार करतात की दालनात अंधार आहे. तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. अशा दालनात वीस मुलं स्टुलं टाकून बसली आणि प्रत्येकाने मोबाइलचा टॉर्च लावला तर? लावतात हो, मी पाहिलंय.

पेन्सिल ठीक. शाई, जलरंग, कोळसा, पेस्टल अजिबात नको. कोळशाची भुकटी हवेत उडते आणि कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. बॅग पाठीवर घेऊन वळणारा विद्यार्थी ही आमची रोजची धास्ती. दोन दालनांना मिळून एक माणूस असतो, त्याने सेल्फीवाल्यांकडे बघायचं की स्टुलांकडे? शेवटचीलोकल यांच्याशी तो रखवालदार वागला ते चूकच. पण तो बहुधा कंत्राटी असतो, काही झालं तर पहिली गदा त्याच्यावर येते, म्हणून तो नाही म्हणून मोकळा होतो.

शिल्पांच्या दालनापासून सुरुवात करता येईल. दगडाला उजेडाची तेवढी भीती नाही आणि जागाही मोकळी असते.

टेम्सकाठ

लंडनहून. इथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये शाळकरी मुलं जमिनीवर बसून पेन्सिलीने चित्रं काढताना नेहमी दिसतात. संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, हे मोठं कारण आहे. पॅरिसच्या लूव्हमध्ये तर १७९३ पासून प्रती करणाऱ्यांना परवानगी आहे, अगदी इझल लावून तैलरंगात. अट अशी की प्रत मूळ चित्राच्या आकाराची नसावी. नियम स्पष्ट असले की रखवालदाराला स्वतःच्या जिवावर निर्णय घ्यावा लागत नाही, एवढंच सुचवते.

चौथामजला

मी चित्रकार नाही, तिकीट काढून जाणारी साधी प्रेक्षक आहे. रविवारी मुलीला घेऊन जाते. संग्रहालय म्हणजे कला महाविद्यालयाचा जादाचा वर्ग, असं सगळेच गृहीत धरून बोलताय. एकदा एका चित्रासमोर विद्यार्थ्यांचा घोळका इतका वेळ बसला होता की माझ्या मुलीला ते चित्र डोक्यांच्या वरून बघावं लागलं. तिला कडेवर घ्यायचं वय निघून गेलंय. ज्याला रेषा काढता येते त्याचाच चित्रावर हक्क जास्त, हे मला मान्य नाही.

निळीशाई

चौथामजला, म्हणूनच वेगळी सकाळ मागितली आहे, रविवार नव्हे. तुमच्या मुलीलाही त्या सकाळी वही घेऊन येऊ द्यावं, यात माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. दप्तरी, शिल्पांच्या दालनापासून सुरुवात मंजूर. टॉर्च लावणाऱ्याला बाहेर काढा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

घाटावरचा, प्रोग्रेसिव्हांची तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. रझांना १९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. तुमच्या चित्रांत बांधणी कमी पडते, सेझान (फ्रेंच चित्रकार) बघा, असं त्यांनी सांगितलं. रझा छापील सेझानवर थांबले नाहीत, १९५० साली फ्रान्सला गेले. त्याच १९४८ मध्ये हुसेन आणि सूझा दिल्लीला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन बघायला गेले. मथुरेच्या मूर्ती आणि बसोहलीची (पहाडी शैलीतली) लघुचित्रं हुसेननी तिथे पाहिली आणि त्यांच्या रेषेत, रंगात काय बदल झाला ते सगळ्यांना माहीत आहे. छापील चित्राने भूक लागली हे मान्य. पण भूक लागल्यावर ते मूळ चित्राकडेच गेले.

शेवटचीलोकल, तुझा रेम्ब्रांटचा फोटो मी नाकारत नाही. पण फोटोत तडे दिसतात, जाडी दिसत नाही. बाजूने उजेड आला की रंगाचा थर केवढा वर आलाय ते मूळ चित्रातच कळतं. हेन्री मूरचा तर प्रश्नच नाही. फोटोत शिल्पाची एक बाजू मिळते. औंधला त्याच्याभोवती फिरताना आईचा खांदा कुठे संपतो आणि मूल कुठे सुरू होतं, हे प्रत्येक पावलाला बदलतं. पैशाचा मुद्दा मात्र तुझा बरोबर आहे, म्हणून तर हे महाविद्यालयाने करावं म्हणते. सहलीच्या बसवर होणारा खर्च याकडे वळवता येईल.

घाटावरचा

हुसेनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी मथुरेची मूर्ती पाहिली आणि पचवली, म्हणून पुढच्या बायका हुसेनच्या झाल्या. मूर्ती बघण्याला माझा विरोध कधीच नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा हात अजून ओला असतो, त्याला महिनोन्‌महिने एकाच थोर चित्रकारासमोर बसवलं की तो त्याच्यासारखाच काढायला लागतो. रविवर्म्यांच्या नादाने किती पिढ्या गुळगुळीत साड्या रंगवत बसल्या ते आपण पाहिलंय. आणि एक प्रश्न: या बैठकीला गुण देणार का? गुण आले की पुढच्या वर्षी तयार रेखाचित्रं झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळतील. रेघोट्या सरांच्या छत्रीवाल्याला आणखी एक भाऊ होईल.

रेघोट्या

गुण नकोतच. औंधला कुणी मुलं पाठवणार असेल तर राहायची सोय मी बघतो, सुट्टीत आमच्या शाळेचे वर्ग मोकळे असतात, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवेन. त्या बदल्यात कॉलेजच्या मुलांनी रोज संध्याकाळी तासभर आमच्या पोरांना घेऊन बसायचं.

शेवटचीलोकल

सर, मी येतो, माझ्याबरोबर आणखी दोघं-तिघं नक्की येतील. पण घाटावरचा म्हणतात तो गुणांचा प्रश्न सुटलेला नाही. गुण नसलेल्या कामाला आमच्याकडे वेळापत्रकात तास मिळत नाही आणि तास नाही तर हजेरी कापली जाते. सुट्टीतच यावं लागेल. दिवाळीनंतर चालेल का?