अनुभव धागा : लिनक्सवर ब्राउझरचं अपडेट अडलं तेव्हा

उंबरठा :
परवा मैत्रिणीचा फोन. "फायरफॉक्स अपडेट केला, तरी व्हर्जन जुनंच दाखवतोय. रीस्टार्टही करून झालं." दोन तासांच्या डोकेफोडीनंतर उलगडा झाला. तिच्या मशीनवर दोन फायरफॉक्स नांदत होते. एक स्नॅपचा (उबुंटूची ॲप टाकायची एक पद्धत), दुसरा तिनेच कधीकाळी टार फाइल (एकत्र बांधलेल्या फाइलींचं गाठोडं) उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवलेला. अपडेट व्हायचा पहिला, चिन्हावर टिचकी मारली की उघडायचा दुसरा.

तेव्हापासून कुणीही रडत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : या ब्राउझरचं माहेर कुठलं? डिस्ट्रोची (म्हणजे उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या अवताराची) रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार), स्नॅप, त्याच्याच जातीचा फ्लॅटपॅक, ब्राउझरवाल्यांची स्वतःची रिपॉझिटरी, की हाताने सोडलेली टार? प्रत्येकाची अपडेटची वाट निराळी. माहीत नसेल तर फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:सपोर्ट' टाका (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). चालू असलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता तिथे मिळतो. क्रोमियममध्ये तो व्हर्जनच्या पानावर असतो.

तुमच्या फजित्या लिहा. उपाय सापडला नसला तरी चालेल.

खटाटोप :
माझं प्रकरण माहेर बदलण्याचंच आहे. उबुंटू २२.०४ पासून आप्टने (पॅकेजं टाकणारी आज्ञा) फायरफॉक्स मागितला तरी येणारं डेब (उबुंटू-डेबियनचं नेहमीचं) पॅकेज नुसता निरोप्या असतं, आत येतो तो स्नॅपच. मला डेब हवा होता. जानेवारी २०२४ मध्ये मोझिलाने स्थिर आवृत्तीसाठी आप्ट रिपॉझिटरी उघडली, ती मी जोडली, स्नॅप काढला, डेब टाकला, खूश. थोड्या दिवसांनी सगळं अपडेट केलं आणि स्नॅप परत हजर!

चूक माझी. रिपॉझिटरीला प्राधान्य द्यायची पायरी मी 'नंतर बघू' म्हणून सोडली होती. उबुंटूच्या निरोप्या पॅकेजच्या व्हर्जनपुढे '१:' असा एपॉक, म्हणजे बाकी व्हर्जनच्या आधी बघितला जाणारा आकडा, लावलेला आहे. त्या एका आकड्यामुळे आप्टच्या हिशेबात ते खऱ्या फायरफॉक्सपेक्षा कायम वरचढ ठरतं. आप्टच्या प्रेफरन्सेसच्या फोल्डरमध्ये मोझिलाच्या रिपॉझिटरीला १००० प्राधान्य दिलं, तेव्हा कुठे हा खेळ थांबला. १००० च का? तेवढं असल्याशिवाय आप्ट 'मोठ्या' व्हर्जनवरून 'लहान' व्हर्जनवर उतरत नाही.

आणि हो, बुकमार्क. स्नॅपचं प्रोफाइल नेहमीच्या मोझिला फोल्डरमध्ये नसतं, होममधल्या स्नॅप फोल्डरच्या पोटात असतं. स्नॅप काढण्याआधी ते कॉपी करा. मी ते केलं नव्हतं, पण पर्जचा (डेटासकट पुसण्याचा) पर्यायही दिला नव्हता, म्हणून वाचलो. काढताना स्नॅप आपोआप एक स्नॅपशॉट (डेटाची प्रत) ठेवतो, साधारण ३१ दिवस.

शेवंती :
मी टारवाली. ऑप्ट फोल्डर रूटच्या मालकीचं, त्यामुळे ब्राउझरला स्वतःला अपडेट करायला लिहिण्याची परवानगीच नव्हती. 'अपडेट अयशस्वी' ही पाटी मी महिनोन् महिने पाहिली आणि नेटला दोष दिला. अख्खं फोल्डर होममध्ये हलवलं आणि प्रश्न मिटला.

त्याआधी मी 'हुशारी' म्हणून दर महिन्याला टार उतरवणारी स्क्रिप्ट लिहिली होती. फाइलच्या नावाच्या शेवटी बीझेड२ (फाइल दाबून लहान करण्याचा एक प्रकार) असणार हे त्यात पक्कं लिहून टाकलेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आवृत्ती १३५ पासून मोझिलाने एक्सझेड स्वरूप घेतलं आणि स्क्रिप्ट मुकाट्याने मेली. एररचा मेसेज मीच दाबून टाकला होता, स्क्रीनवर कचरा नको म्हणून.

मध्यरात्र :
उंबरठा, माहेराचा प्रश्न चांगला आहे, पण माझ्या वेळी तो काही उपयोगाचा नव्हता. ब्राउझरमध्ये, रिपॉझिटरीत, कशातच दोष नव्हता.

एका साइटने 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणून आत घेतलं नाही. बघतो तर तीन महिने अपडेटच नाही. अपडेट मॅनेजर मध्ये मध्ये काहीतरी कुरकुरायचा, मी खिडकी बंद करायचो. शेवटी टर्मिनल उघडून ब्राउझर टाकायला गेलो, तर आप्ट बोलतोय कर्नलबद्दल (लिनक्सचा गाभा). मला हवा ब्राउझर, हा सांगतोय की कर्नलच्या पॅकेजची अवलंबनं अपुरी आहेत. मी चिडून ब्राउझरच काढून पुन्हा टाकायला निघालो. तेही होईना.

खरी गोष्ट अशी की डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्याने बूटचं पार्टिशन (मशीन चालू होताना लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा कप्पा) वेगळं आणि लहान होतं, आणि जुन्या कर्नलांनी ते शंभर टक्के भरलं होतं. नवं कर्नल अर्धवट बसलेलं. ते निस्तरल्याशिवाय आप्ट पुढचं काहीच हातात घेत नव्हता. रांगेत पुढे उभा माणूस खिडकीवर अडला की मागच्यांचं काय होतं, तेच.

इथे मी घोडचूक केली. बूटमधल्या जुन्या कर्नलांच्या फाइली हाताने उडवल्या. जागा झाली, आनंद झाला, पुढची आज्ञा दिली आणि जागा पुन्हा शून्य! पॅकेज व्यवस्थेच्या वहीत ती कर्नलं अजून नांदत होती, म्हणून तिने त्यांच्या इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणाऱ्या) फाइली इमानेइतबारे पुन्हा तयार केल्या. शेवटी चालू कर्नल कोणतं ते आधी 'यूनेम'ने पाहिलं, ते सोडून सर्वांत जुनी दोन पॅकेजं डीपीकेजीने (आप्टच्या खालचं अवजार) पर्ज केली, मग आप्टला तुटकं जोडायला सांगितलं, मग ऑटोरिमूव्ह, म्हणजे नको असलेली पॅकेजं काढणं. ब्राउझर त्यानंतर दोन मिनिटांत अपडेट झाला. हल्ली काहीही अडलं की आधी 'डीएफ' (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवतो.

टर्मिनलकाका :
मध्यरात्र यांच्यासारखी वेळ आली की लोक आणखी एक गोष्ट करतात : 'लॉक (एका वेळी एकानेच काम करावं म्हणून लावलेलं कुलूप) मिळत नाही' असं दिसलं की लॉकची फाइलच उडवतात. करू नका रे बाबांनो. बहुतेक वेळा मागे आपोआप चालणारं अपडेट काम करत असतं. चहा घेऊन या. दहा-पंधरा मिनिटांत सुटलं नाही तर लॉक कोणत्या प्रक्रियेकडे आहे ते बघा. हल्ली मेसेजमध्येच तिचा क्रमांक येतो.

दुसरं, सही पडताळता येत नाही असं आलं तर रिपॉझिटरीची सही तपासायची चावी बदललेली किंवा मुदत संपलेली असते. नवी चावी त्या ब्राउझरच्या अधिकृत पानावरूनच घ्या. कुठल्याशा उत्तरात कुणी चिकटवलेली नको. आप्ट-की (चाव्या ठेवायची जुनी आज्ञा) वापरायला सांगणारी उत्तरं जुनी समजावीत. आता चावी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून रिपॉझिटरीच्या ओळीत 'साइन्ड-बाय'ने तिचा पत्ता देतात.

जुनी वही :
माझा किस्सा छोटा. आप्ट म्हणाला, 'रिलीज फाइल अजून वैध नाही, अमुक इतके दिवस थांबा.' भविष्यातली फाइल! घड्याळ पाहिलं तर लॅपटॉप काही वर्षं मागे जगत होता. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. सेल बदलला, वेळ नेटवरून घ्यायला लावली, झालं.

अर्धवट :
आर्च लिनक्सवर आहे. घाईत फक्त फायरफॉक्स नवा करायचा होता, म्हणून पॅकमनला (आर्चचा आप्ट) यादी ताजी करायला लावून तेवढंच पॅकेज टाकलं. नंतर फायरफॉक्स उघडेचना, 'एक्सपीकॉम (फायरफॉक्सचाच एक भाग) लोड होत नाही'. नवा ब्राउझर आणि त्याच्या खालच्या लायब्ररी जुन्या. आर्चच्या विकीवर अर्धं अपग्रेड करू नका असं स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलंही होतं. नाव सार्थ केलं, दुसरं काय. सगळी प्रणाली अपडेट केल्यावर चालू झाला.

पानगळ :
अपडेटवर फुकटचा आळ घेतल्याचं उदाहरण देते. क्रोमियम अपडेट केला, मशीन रीस्टार्ट, आणि 'हे प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे' म्हणून उघडायला नकार. दुसरा संगणक माझ्याकडे नाहीच! अपडेटला पोटभर शिव्या घातल्या. मग आठवलं, त्याच दिवशी मशीनचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) बदललं होतं. प्रोफाइलमधल्या 'सिंगल्टनलॉक'मध्ये जुनं नाव अडकलेलं. क्रोमियमची एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करून तेवढी फाइल काढली. (काका, हा लॉक उडवायचा असतो. रागवू नका.)

टर्मिनलकाका :
नाही रागावत. 'खात्री करून' लिहिलंत ना.

नवशिकी :
माझ्याकडे डेबियन आहे. फायरफॉक्स ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) १४० वर अडकलाय, बाकीच्यांचा आकडा पुढे गेला. बिघडलंय का?

उंबरठा :
बिघडलेलं नाही. ईएसआरचा मोठा आकडा साधारण वर्षभर तोच राहतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र दर चार आठवड्यांनी येतात. टिंबापुढचा आकडा हलतोय ना, तेवढं बघा. आणि एक करू नका : हौसेने नवा फायरफॉक्स टाकून त्याला तेच प्रोफाइल जोडणं. माझ्या मैत्रिणीने नेमकं तेच केलं होतं. आवृत्ती ६७ पासून फायरफॉक्स, पुढच्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल मागच्या आवृत्तीत उघडू देत नाही, नवं बनवा म्हणतो. मग वाटतं सगळं गेलं. गेलेलं नसतं. 'अबाउट:प्रोफाइल्स'मध्ये जुनं दिसतं.

कंदील :
अपडेटनंतर क्रोमियमची खिडकी पूर्ण काळी. टॅब आहेत, आवाज येतोय, दिसत काही नाही. ग्राफिक्सचा वेग बंद करून उघडला तर ठीक. त्याच फेरीत मेसा हा ग्राफिक्सचा ड्रायव्हरही बदलला होता. प्रोफाइलमधलं जीपीयू कॅशचं फोल्डर उडवलं, पुन्हा साधा उघडला, चालला. बुकमार्क, पासवर्ड कशालाही धक्का नाही.

जुनी वही :
पुन्हा मीच. त्याच लॅपटॉपचं आता दुरुस्तीपलीकडचं दुखणं. ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स १४४ हा शेवटचा, १४५ पासून बंद. ईएसआर १४० ला दुरुस्त्या निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत मिळतील असं मोझिलाने सांगितलंय, म्हणून त्यावर आलोय. मशीन चांगलं चालतं हो. टाकवत नाही.

टर्मिनलकाका :
प्रोसेसरच ३२-बिट आहे की त्यावर ३२-बिट लिनक्स टाकलंय? 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा) चालवून ऑप-मोडची ओळ बघा.

जुनी वही :
बघितली. '३२-बिट, ६४-बिट' दोन्ही लिहिलंय.

म्हणजे ६४-बिट लिनक्सही चाललं असतं. बारा वर्षं झाली की हो.