स्लीव्हच्या ऑपरेशननंतर घरी काय काय होतं? अनुभव सांगाल का

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघ्यांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या सुट्टीत स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकायचं, ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी नीट समजावलं, पुस्तिकाही दिली. पण पुस्तिकेत सगळं सूप आणि स्मूदी! आमच्याकडे चुलीपाशी सासूबाई. त्यांचं म्हणणं, "धडधाकट बाईनं पोट कापून घ्यायचं म्हणजे काय?" त्यांना मी काय करायला सांगू? सुट्टी संपली की शाळेत उभं राहून शिकवता येईल का? केस गळतात म्हणे, ते खरं का? ज्यांचं झालंय त्यांनी खरं खरं सांगा. धीर द्यायला घरात पुष्कळ जण आहेत.

पोळीवाली_डोंबिवली
ताई, माझं पोळी-भाजी केंद्र आहे. स्लीव्हला तीन वर्षं होत आली. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पोळ्या लाटायच्या आणि आपण मुगाचं पाणी प्यायचं, असे दिवस काढलेत, त्यामुळे खाण्याबद्दलच जास्त बोलेन.

दुखण्याचं आधी उरकते. पोटावर चार-पाच भोकं असतात, त्यांचा फार त्रास नाही. दुखतो खांदा! ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्याची कळ खांद्यात जाते. चाललं की उतरते. त्याच दिवशी संध्याकाळी नर्स उठवून चालवते, तेव्हा मनातल्या मनात तिला काय म्हणायचं ते म्हणा, पण चाला. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते असतं. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावर मोठं काम म्हणजे पाणी पिणं. हसू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं दहा मिलीचं झाकण घ्या. पाव तासात तीन झाकणं, असं करत करत दिवसाला दीड लिटरपर्यंत पोचायचं. जागेपणी दुसरं काही सुचत नाही. तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायलात तर छातीच्या मधोमध अशी कळ येते की परत नाव काढणार नाही.

सूपचं मनावर घेऊ नका. सूप म्हणजे आपलं कढणच की! मूगडाळ शिजवायची, घोटायची, गाळायची, वर जिरेपूड आणि मीठ. सासूबाईंना "सूप करा" म्हटलंत तर त्या रुसतील, "कढण करा" म्हटलंत तर चार प्रकार करून घालतील. पहिले दोनेक आठवडे हेच, शिवाय पातळ ताक, साय काढलेलं दूध, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, दही, सैलसर पिठलं, कुस्करलेलं पनीर, चालत असेल तर मऊ अंडं. तिखट-तेल बेतानं. महिन्याभरानं मऊ जेवण, दीड-दोन महिन्यांनी घरातलं नेहमीचं. तुमच्या डॉक्टरांचा तक्ता वेगळा असेल तर तोच खरा.

पोळी मात्र सगळ्यात शेवटी. माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य आहे, पण लिहितेच. पोळी मऊ, म्हणून चालेल असं वाटतं. तिचा चावून गोळा होतो आणि तो अडकतो. भाताचंही तेच. मला वरणात कुस्करलेली भाकरी आधी मानवली. अडकलं की छातीत दाटतं, तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो. वरून पाणी पिऊन ढकलायचं नाही, उठून फेऱ्या मारायच्या. जेवताना पाणी बंद, जेवल्यावर अर्धा तास बंद. ताटात आधी डाळ-पनीर-अंडं, मग भाजी, जागा उरली तर बाकीचं. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एवढ्याशा पोटात ती बसवणं सोपं नसतं.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून. फोडणीचा वास मला सोसेना. हिंग पडला की मी गॅलरीत. आमटीचं मीठ बघायला लेकीला हाक मारायचे, कारण माझ्या जिभेला सगळंच निराळं लागायचं. काही महिन्यांनी चव ठिकाणावर आली.

भूक मात्र लागतच नाही. जठराचा जो भाग काढतात, भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. पण खावंसं वाटणं वेगळं, ते टीव्हीसमोर बसलं की येतंच. वर्षभरात भूकही परत येते. वेळेवर, चावून, थोडं खायची सवय त्याआधी लागली तर लागली. नंतर वजन पुन्हा चढलेली माणसं मी पाहिली आहेत.

मिरजेचा_औषधवाला
मेडिकल दुकान आहे, त्यामुळे गोळ्यांपुरतं बोलतो. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस ऑपरेशननंतर लगेच कमी करावा लागतो, कारण खाणं कमी होतं आणि साखर झपाट्यानं उतरते. जुना डोस आपल्या मनानं चालू ठेवू नका, घरी ग्लुकोमीटर ठेवा. काही गोळ्या तर ऑपरेशनच्या काही दिवस आधीच बंद करतात, म्हणून भूलतज्ज्ञाला सगळी पाकिटं दाखवा. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर असतं, म्हणजे जी पोटात हळूहळू विरघळायची असते, ती कुटून घ्यायची नाही. डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन, डायक्लो घेऊ नका, अल्सर होतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको. बी१२ आणि बाकीची जीवनसत्त्वं जन्मभर, मध्येमध्ये रक्त तपासून.

सतत उलट्या झाल्या तर "होईल बरं" म्हणत बसू नका, बी१ कमी पडून मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो. आणि ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा नाडी १२० च्या वर असेल तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटलला फोन करा. शिवणीतून गळती असू शकते.

निशिगंध
केस गळतात, हो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतात, कंगवा बघवत नाही. माझी वेणी शेपटीएवढी झाली होती. काही महिन्यांनी थांबतं, पुन्हा येतात. प्रथिनं आणि लोह नीट असलं तर लवकर. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडून बसतो, तेव्हा रडू नका. रोज वजन करूच नका. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी सहा महिने गोळी देतात, तुम्हाला देणार का ते विचारा.
पाळी अनियमित असली तर ती सुधारून दिवस राहू शकतात, आणि निदान वर्ष-दीड वर्ष ते टाळायचं असतं. ४१ व्या वर्षी काय, असं म्हणू नका.

कृष्णाकाठची
कढणाचं आत्ताच सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग हे आधी का नाही सांगितलंस" म्हणाल्या! पण ऐन दिवाळीत घरात चकल्या तळल्या जाणार आणि मी पातळावर, ते कसं जमवायचं? आणि शाळेचं राहिलंच.

पोळीवाली_डोंबिवली
ऑपरेशनच्या आधीही एक-दोन आठवडे पातळ किंवा अगदी हलकं खायला लावतात, यकृताची सूज उतरून सर्जनला जागा मिळावी म्हणून. म्हणजे तळण ऐन त्यातच येणार. फराळ जावेकडे करायला सांगा, तुमच्याकडे आणू नका. एका वर्षानं कुणी उपाशी राहत नाही.

शाळा दोन-तीन आठवड्यांनी जमते बऱ्याच जणींना, दमायला होतं तेवढंच. टेबलावर बाटली ठेवा, दर थोड्या वेळानं घोट घ्या, खुर्ची मागून घ्या. वह्यांचे गठ्ठे, सिलिंडर, पिठाचा डबा महिना-दीड महिना उचलायचा नाही. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई डबे उघडतील आणि "एक घास तरी घ्या" म्हणतील. तेव्हा "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगा. कसलं ते सांगितलंत की प्रत्येकीकडे एक चुलतबहीण असते.