गल्लीतल्या लोंबत्या केबल : अर्ज नक्की कुणाच्या नावाने करायचा?

सोनमोहर_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

पुण्यात कर्वेनगरात आतल्या गल्लीत आमची सोसायटी आहे. गेटसमोरच्या दिव्याच्या खांबावर केबल टीव्हीच्या वायरींचं भलंमोठं भेंडोळं टांगलेलं आहे. तिथून एक जाड काळी वायर पलीकडच्या सोनमोहराला दोन वेढे घालून समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाते. परवा कचऱ्याच्या गाडीच्या टपाला ती अडकली आणि खांबावरचा ॲम्प्लिफायरचा डबा धाडकन खाली आला. नशिबाने खाली कुणी नव्हतं. केबलवाल्याची पोरं लगेच आली, डबा वर चढवला, वायर मात्र तशीच सोडून गेली. आता तिला माझा हात पोचतो, आणि मी काही उंच नाही.

केबलवाला म्हणतो, "काकू, आपल्याकडे केंद्राचं लायसन आहे, पालिकेचा संबंधच नाही." पालिकेच्या एका कार्यालयात सांगितलं, "केबलचं आमच्याकडे येत नाही, कलेक्टर कचेरीत जा." सोसायटीतले एक काका कटर घेऊन तयारच आहेत, त्यांना कसंबसं थोपवलंय.

तर लायसन असलं की पालिकेच्या खांबावरून वायर नेता येते का? नसेल तर अर्ज कुठल्या विभागाला करायचा? अमेरिकेतली भाची म्हणते, त्यांच्याकडे केबल कंपनीला शहराचीच परवानगी लागते. आपल्याकडे असं काही नाही का?

जुना_केबलवाला

ताई, बरीच वर्षं हा धंदा केलाय म्हणून सांगतो. लायसन म्हणजे नोंदणी. आमच्या वेळी ती हेड पोस्टात व्हायची, पाचशे रुपये भरायचे आणि दरवर्षी नूतनीकरण. जानेवारी 2025 पासून ती ऑनलाइन झाली, फी 5000 रुपये आणि मुदत पाच वर्षं. त्या कागदावर खांबाचा किंवा रस्त्याचा विषयच नसतो.

खरं सांगू का, आम्ही गच्चीवरून गच्चीवर वायर नेत होतो ते रस्ता खोदायचा खर्च आणि परवानगीची कटकट टाळायलाच. गच्चीमालकाला एक फुकट कनेक्शन दिलं की काम झालं. समोरच्या सोसायटीला विचारा, त्यांच्या कमिटीने लेखी काही दिलंय का. खाजगी गच्चीवर त्यांचीच मर्जी चालते. तिथून दट्ट्या आला तर वायर दोन दिवसांत वर जाईल.

कलम_बहाद्दर

मुळात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. केबलचा धंदा करायची मुभा केंद्राच्या 1995 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याखाली मिळते. रस्ता वापरायची मुभा ही वेगळी गोष्ट, ती रस्त्याचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायची. 2011 च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात कलम 4-ब आलं. सार्वजनिक जागेत भूमिगत केबल टाकायला किंवा खांब उभारायला ऑपरेटरने अर्ज करायचा, सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्या पालिकेसारख्या संस्थेने, वाजवी अटी घालून परवानगी द्यायची. जागा पूर्ववत करून देणं किंवा त्याचा खर्च भरणं ऑपरेटरवर. आणि तुमच्या उपयोगाची गोष्ट ही की सार्वजनिक हितासाठी गरज पडली तर प्राधिकरण केबल किंवा खांब हलवायला सांगू शकतं, तेही ऑपरेटरच्या खर्चाने आणि ठरवून दिलेल्या मुदतीत. परवानगीमुळे जागेवर हक्क तयार होत नाही, फक्त वापर मिळतो.

कलेक्टरचं नावही कुणी हवेतून काढलेलं नाही. जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त हे या कायद्याखाली प्राधिकृत अधिकारी आहेत. विनानोंदणी ऑपरेटरची उपकरणं ते जप्त करू शकतात. पण लोंबती वायर वर बांधून घेणं हे त्यांच्याकडे नेऊ नका, महिने जातील.

भाचीचं बरोबर आहे. तिकडे 1984 च्या कायद्यानुसार शहर, काही राज्यांत राज्य सरकार, कंपनीला फ्रँचाइज देतं आणि केबलच्या ढोबळ उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत फी घेऊ शकतं. आपल्याकडे धंद्याची परवानगी पालिकेच्या हातात नाही, पण रस्ता तिचा आहे. "संबंधच नाही" हे केबलवाल्याचं म्हणणं सोडून द्या.

सोनमोहर_कर्वेनगर

धन्यवाद! म्हणजे अर्ज पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडेच ना? आणि काकांच्या कटरचं काय करू?

पेठेतला_पंत

कटर काढून घ्या. हल्ली त्याच भेंडोळ्यात इंटरनेटची फायबरही असते, गल्लीभर बोंब होईल आणि नुकसानीची तक्रार काकांच्याच नावावर येईल. शिवाय वरून विजेची तार जात असेल तर जीवाशी खेळ.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावाने करा, प्रत पथ विभाग आणि विद्युत विभागाला. खांब महावितरणचा निघाला तर तिकडे. झाडाचं उद्यान विभागाला वेगळं कळवा, एकाच कागदात कोंबलंत तर तो टेबलाटेबलावर फिरत राहतो. खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो फोटोत येऊ द्या. आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

सोनमोहर_कर्वेनगर

आणि पुन्हा "आमच्याकडे येत नाही" म्हणाले तर?

कलम_बहाद्दर

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर पाच दिवसांत त्यांनीच अर्ज तिकडे पाठवायचा असतो, कलम 6(3). तुम्ही दारोदार फिरायची गरज नाही. फक्त "परवानगी का दिली?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. "या चौकापासून त्या चौकापर्यंतच्या रस्त्यावर व खांबांवर केबल टाकण्यास दिलेल्या परवानगीची प्रत" एवढंच मागा. परवानगी नसेल तर तसं लेखी येईल, आणि तोच कागद पुढच्या तक्रारीला जोडा.