थंडीत पहाटे जुनी डिझेल पिकअप चालू होत नाही, बिघाड कुठून शोधायला सुरुवात करावी?

कादवाकाठ
नमस्कार. माझ्याकडे 2004 सालची चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे. इंजिन हीटर प्लगचे (चालू करण्याआधी सिलिंडरमधली हवा तापवणारे प्लग), डिझेलचा पंप रोटरी, आणि मीटरवर 2 लाख 80 हजार किलोमीटर झालेले आहेत. निफाड तालुक्यात राहत असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 5-6 अंशांपर्यंत उतरणे आम्हाला नवीन नाही, आणि नेमक्या याच दिवसांत रांगडा कांदा घेऊन पहाटे 5 वाजता निघावे लागते. दिवाळीपर्यंत गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होत होती. आता पहाटे सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागतो, मग ती एका-दोन सिलिंडरवर खडखडत उठते, मिनिटभर पांढरा धूर टाकते आणि नंतर दिवसभर काहीही तक्रार करत नाही. दुपारी किल्ली फिरवली की लगेच चालू.

आतापर्यंत नवी बॅटरी टाकली, चारही हीटर प्लग बदलले आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासून घेतले. आता मेस्त्री म्हणतात की पंप उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल. एवढा खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे. गाडी शेडसमोर चढावर तोंड करून उभी राहिली तर त्रास जास्त होतो, खळ्यात सपाटीवर उभी केली तर थोडा कमी होतो. याचा काही संबंध असेल का?

आगारवाला
मी एका आगाराच्या कार्यशाळेत बरीच वर्षे डिझेल इंजिनांवर काम केले आहे. कृपया पंपाला एवढ्यात हात लावू देऊ नका. दिवसभर विनातक्रार चालणारी, ओढ न सोडणारी आणि गरम असताना लगेच उठणारी गाडी पंपाकडे बोट दाखवत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. थंडीत सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फ सावकाश फिरतो आणि सावकाश दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. म्हणून पहाटे दोनच प्रश्न विचारायचे: डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे का, आणि पोहोचत असेल तर ते पेटत का नाही? याचे उत्तर सायलेन्सर देतो. सेल्फ फिरत असताना पाठीमागे एक माणूस उभा करा. करडा-पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचत आहे, पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) यांच्याकडे वळायचे. धूरच दिसत नसेल तर डिझेल वर येत नाही किंवा लाइनने एअर धरली आहे, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे.

हीटर प्लग नवे आहेत हे ठीक, पण त्यांना वीज किती मिळते हे कोणी पाहिले का? प्लगवरच्या पट्टीवर मल्टिमीटरची लाल तार आणि इंजिनाच्या ब्लॉकवर काळी तार लावून हीटर चालू असताना व्होल्ट मोजा, आणि त्याच वेळी बॅटरीच्या खांबांवरही मोजा. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा. त्यानंतर सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज पाहा. तो 9.6 च्या खाली जाऊ नये. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. ही सगळी मोजमापे गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पहाटेच करायची. गॅरेजमध्ये दुपारी गरम इंजिनावर हा बिघाड कधीच सापडणार नाही, आणि मला वाटते की आतापर्यंत नेमके हेच घडले आहे.

पिंपळपार
आमच्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल पिकअपमध्ये टाकले की थंडीत असाच त्रास व्हायचा. डिझेल गोठत तर नाही ना? आणि तोपर्यंत एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून चालू केली तर चालेल का?

आगारवाला
बोळा अजिबात धरू नका. हीटर प्लग लालबुंद असताना पेट्रोलची वाफ आत ओढली गेली तर ती पिस्टन वर येण्याआधीच पेटते. त्या धक्क्याने रिंगा तुटतात, आणि मॅनिफोल्डमधून जाळ उलटा येऊन हात-तोंड भाजू शकते. फवारायच्या स्टार्टिंग स्प्रेचेही तेच आहे.

डिझेलबद्दलची शंका मात्र योग्य आहे. भारतीय मानकात हिवाळ्यातल्या डिझेलसाठी फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा 6 अंश आणि उन्हाळ्यातल्या डिझेलसाठी 18 अंश अशी वेगळी धरलेली आहे. त्यामुळे पावसाळ्यात भरून ठेवलेल्या ड्रममधल्या डिझेलमध्ये निफाडच्या पहाटे मेणाचे कण धरू शकतात. पण मेणामुळे गाडी सहसा आधी चालू होते आणि फिल्टर तुंबल्यावर मैलभरात बंद पडते. मूळ तक्रार तशी नाही. तरीही ड्रमचे जुने डिझेल थंडीत वापरू नये.

कादवाकाठ
आज पहाटे मोजमाप केले. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर 12.6 होते, सेल्फ मारताना 10.4 पर्यंत उतरले. हीटर चालू असताना बॅटरीवर 11.9, पण प्लगच्या पट्टीवर फक्त 8.1. धुराचे पाहिले तर पहिल्या दोन सेल्फला काहीच धूर नव्हता, तिसऱ्यापासून पांढरा धूर सुरू झाला. गाडी चढावरच उभी होती.

आगारवाला
मग एक चोर सापडला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते, त्यामुळे 11.9 ऐवजी 8.1 मिळत असतील तर प्लग निम्म्याहूनही कमी तापतात. नवे प्लग टाकून फरक का पडला नाही, ते यातून कळते. आता रिलेच्या, म्हणजे हीटर प्लगची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, आत येणाऱ्या जाड तारेवर आणि बाहेर जाणाऱ्या तारेवर वेगवेगळे मोजा. जिथे व्होल्ट गळत आहेत तो सांधा पकडा. चार प्लग मिळून 40 अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओढतात, आणि एवढ्या प्रवाहाला जळका कॉन्टॅक्ट किंवा तारेच्या टोकाचा हिरवा पडलेला लग लगेच अडवतो. हीटर चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने हात लावून पाहिला तर तो सांधा गरमही लागेल.

नोझलघर
मी पंप-नोझलच्या कामातला आहे. आगारवाल्यांच्या म्हणण्याशी सहमत आहे, पण त्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली असे मला वाटते. पहिल्या दोन सेल्फला धूरच नव्हता आणि गाडी चढावर तोंड करून उभी होती. हीटर कमजोर असता तर पहिल्या सेल्फपासून पांढरा धूर आला असता. तेव्हा इथे बिघाड दोन आहेत.

ज्या गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर हातपंप असतो आणि रोटरी पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो, तिथे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची असते. तिच्यात बारीक भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, थेंबही दिसत नाही, पण रात्रभर हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. तोंड वर असले की इंजिन टाकीपेक्षा उंच होते, म्हणून ते जास्त उतरते. उद्या पहाटे किल्लीला हात लावण्याआधी हातपंप दाबून पाहा. पहिल्या एक-दोन दाबांतच तो कडक झाला तर लाइन भरलेली आहे. दहा-बारा वेळा पोकळ लागून मग कडक झाला, आणि त्यानंतर धूर पहिल्या सेल्फपासून दिसला, तर एअर नक्की. मग पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडून बुडबुडे पाहता येतात. नोझलच्या रिटर्नची (उरलेले डिझेल परत नेणारी) सुती विणीची बारीक नळीही पाहा, ती वाळून कडक होते आणि टोकाशी तडकते.

कादवाकाठ
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. हातपंप अकरा वेळा पोकळ गेला, बारावीला कडक झाला, आणि पहिल्याच सेल्फला धूर आला. पारदर्शक पाइपमध्ये मोहरीएवढे बुडबुडे सलग दिसत होते. शोधत गेलो तर टाकीवरच्या रबरी नळीला क्लिपच्या कडेखाली तडा सापडला. क्लिप काढेपर्यंत तो दिसतच नव्हता. नळी आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. रिलेत येताना 11.7 आणि बाहेर पडताना 8.3 होते. उघडून पाहिला तर कॉन्टॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले होते. नवा रिले बसवल्यावर पट्टीवर 11.4 मिळाले.

आज पहाटे गाडी चढावरच उभी होती. हीटर 15 सेकंद दिला आणि दुसऱ्या सेल्फला गाडी उठली. थोडा धूर अजून येतो आणि पहिले अर्धे मिनिट एक सिलिंडर चुकतो असे वाटते.

नोझलघर
एवढ्या किलोमीटरला तेवढे अपेक्षित आहे. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हच्या फटीची जुळणी) किती दिवसांत केलेले नाही ते पाहा, कारण ती फट कमी होऊन व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही तर थंडीत कॉम्प्रेशन गळते. तरीही तोच सिलिंडर चुकत राहिला तर डिझेलच्या वेगळ्या गेजने चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. पेट्रोलचे गेज तो दाब सहन करणार नाही. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल तर हेड उतरवायचे, अन्यथा नाही. पंप जसा आहे तसाच राहू द्या.