युद्धकाळात भावना कोण हाताळतं, आणि कशी?

कोरा_कागद:
युद्ध सुरू झालं की भाषणं, पोस्टरं, वर्गण्या, पत्रं, सगळीकडे भावनेला पूर येतो. तो आपसूक येतो की आधीच पाट काढून ठेवलेले असतात? दोन्ही महायुद्धांतल्या ब्रिटनबद्दल कोणी ठोस सांगेल का? 'देशप्रेम जागवलं' छापाचं नको, प्रत्यक्षात काय चालायचं ते हवंय.

शाईदौत:
पाट होते, बांधही होते. पहिल्या महायुद्धातलं फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड बघा. त्यावर वाक्यं छापलेलीच असत: 'मी अगदी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलं आहे', 'तुमचं पत्र / तार / पार्सल मिळालं', 'संधी मिळताच पत्र लिहितो'. नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख, बस्स. यापेक्षा काहीही जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल, अशी ताकीद कार्डावरच छापलेली.

'आठवण येते' याला जागा नाही, 'भीती वाटते' यालाही नाही. तक्रारीला मात्र आहे! 'बरेच दिवस तुमचं पत्र नाही' हे वाक्य तयारच मिळायचं. घरचे आधी तारीख बघणार, कारण त्या दिवसापर्यंत तरी माणूस होता.

साधी पत्रं तुकडीतलाच अधिकारी तपासायचा. ज्याला सकाळी सलाम ठोकायचा तोच बायकोचं पत्र वाचणार म्हटल्यावर कोण मोकळं लिहील? म्हणून हिरवं पाकीट निघालं: मजकूर फक्त घरगुती आहे असं सही करून द्यायचं, मग तपासणी झालीच तर मागे, तळावर.

खडूफळा:
बांध फुटल्याचंही उदाहरण देतो. १९३९चं सरकारी पोस्टर: तुमचं धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार 'अस'ला विजय मिळवून देईल. इंग्रजीत 'अस' म्हणजे 'आपल्याला'ही आणि 'आम्हाला'ही. लोकांनी 'आम्हाला' असंच वाचलं: झीज आपली, जीत सरकारची. मराठीत लिहिणाऱ्याला आधीच ठरवावं लागलं असतं.

त्याच मालिकेतलं 'कीप काम अँड कॅरी ऑन' (शांत राहा, चालू ठेवा) सुमारे २४.५ लाख छापलं, पण बहुतेक प्रती भिंतीवर लागल्याच नाहीत. आज मगांवर दिसतं ती प्रसिद्धी २००० नंतरची. युद्धात त्याने धीर दिला वगैरे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

दोन_आणे:
हाताला काम दिलं की भावना टिकते. जुलै १९४०मध्ये विमानांसाठी ॲल्युमिनियमची भांडी मागितली आणि ढीग लागले. पण भांड्याचं थेट विमान होत नाही. मुठी, रिव्हेट काढा, वितळवा, मिश्रधातू सांभाळा. धातूपेक्षा 'माझी कढई वर उडतेय' हा हिशेब मोठा होता.

शाईदौत:
शोकालाही माप होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश युद्धस्मशानांत थडग्यांवरच्या शिळा एकाच आकाराच्या, हुद्दा काहीही असो. खाली कुटुंबाला स्वतःची ओळ कोरून घेता यायची, मर्यादा ६६ अक्षरं. सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारायचे. गरीब-श्रीमंत भेद नको म्हणून आकार सारखा, आणि शब्दांना मात्र दर! साम्राज्यातल्याच न्यूझीलंडने ही ओळच नाकारली.

कोरा_कागद:
६६मध्ये मधल्या मोकळ्या जागाही धरायच्या?

शाईदौत:
हो, त्याही.