सुट्टीत एपी कॅल्क्युलस बीसीची तयारी: नाशिकमध्ये क्लास लावावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनच्या मध्यापासून अमेरिकेहून नाशिकला आलोय, सासरी, इंदिरानगरला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत. लेकीला येत्या वर्षी, अकरावीत, एपी कॅल्क्युलस बीसी मिळालंय, म्हणजे तिकडच्या शाळेतला कॉलेजच्या तोडीचा कॅल्क्युलसचा कोर्स. प्रीकॅल्क्युलस झालंय, पण मधला एबी, म्हणजे याच्या अलीकडचा सोपा कोर्स, न करता ती थेट बीसीला बसणार आहे. शाळेने समर पॅकेट दिलंय, सुट्टीत सोडवायचा गणितांचा संच. ग्रेड आजवर चांगले आले, तरी या पॅकेटमध्ये ती मध्येच अडते आणि कुठे अडलं ते तिला सांगता येत नाही.

इथे कॉलेज रोडवर जेईईचे क्लास ढीगभर आहेत. घरचे म्हणतात, एवढी सुट्टी आहे तर एखाद्या बॅचला बसव, अर्धं कॅल्क्युलस इथेच होऊन जाईल. कुणी असं केलंय का? फायदा झाला का?

— इंदिरानगरहून, लेकीची आई

---

ताई, नमस्कार.

आमच्या मुलाचं बीसी झालंय, म्हणून लिहितो. एबीचा सगळा अभ्यासक्रम बीसीत असतोच, त्यामुळे थेट बसायला हरकत नाही. मात्र वेग फार असतो. डिसेंबरपर्यंत त्याने निभावलं. वसंतात अनंत सीरीज (न संपणाऱ्या बेरजा) आल्या, कन्व्हर्जन्सच्या कसोट्या (बेरीज ठरावीक संख्येकडे जाते का ते ओळखायच्या), टेलर पॉलिनॉमिअल, एरर बाउंड, आणि तिथे त्याची दमछाक झाली. मे महिन्यात परीक्षा, म्हणजे सावरायला वेळही नाही. सुट्टीत काय करायला हवं होतं ते आमचे काका जास्त चांगलं सांगतील. ते नाशिकलाच असतात आणि मुलाकडे इथे अमेरिकेत आले की आमच्या मराठी मंडळाच्या पोरांना शिकवतात. काका, लिहाल का?

— मंडळातला एक बाबा

---

नमस्कार.

क्लास लावू नकोस, हे माझं स्पष्ट मत. क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही. तिथली आखणी दोन वर्षांची असते. जुलैत अकरावीची बॅच त्रिकोणमितीत नाहीतर वर्गसमीकरणांत असते, बारावीची बॅच कुठेतरी मध्यावर. थोड्या आठवड्यांसाठी आलेल्या मुलीच्या हाती त्यातला एक तुकडा लागेल. शिवाय तिथे भर असतो पर्यायांतून झटपट उत्तर गाठण्यावर. बीसीत बहुपर्यायी भागाला निम्मं वजन आहे. उरलेलं निम्मं सहा दीर्घ प्रश्नांना, प्रत्येकी ९ गुण, आणि त्यात कारण लिहावं लागतं. 'आलेख वर जाऊन खाली येतो म्हणून इथे मॅक्झिमम' एवढ्याने भागत नाही. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, धनाकडून ऋणाकडे जातो, हे शब्दांत यावं लागतं.

आता अडण्याबद्दल. डेरिव्हेटिव्हचे नियम हुशार मूल आठवड्याभरात पाठ करतं. अडतं ते त्याच्या अलीकडे. तिला हे एक गणित दे: क्ष शून्याकडे जाताना (√(क्ष + ४) − २) ÷ क्ष याची लिमिट काढ, म्हणजे किंमत कुठे जाऊन पोचते ते. थेट शून्य घातलं की ०/० येतं. अंश आणि छेद दोन्हींना √(क्ष + ४) + २ ने गुणलं की अंशात नुसता क्ष उरतो, तो छेदातल्या क्षबरोबर जातो आणि उत्तर येतं १/४. यात कॅल्क्युलस शेवटच्या ओळीपुरतं. बाकी सगळं आपल्याकडच्या नववीतलं, करणीची अनुबद्ध जोडी घेऊन गुणणं. ती कुठे थांबते ते शेजारी बसून पाहा, बोलू नकोस. पॅकेटमध्ये ती जिथे अडते ती जागाही बहुधा याच जातीची असेल.

वर्षानुवर्षं पेपर तपासताना त्याच त्या चुका मी पाहिल्या. √(अ² + ब²) ला सरळ अ + ब लिहिणं. (क्ष² + ३) ÷ क्ष मध्ये क्ष कापून टाकणं. १/√क्ष म्हणजे क्षचा −१/२ वा घात हे वेळेवर न सुचणं, आणि ते सुचलं नाही तर डेरिव्हेटिव्हचा साधा नियम हाताशी असून लावता येत नाही. अशी गळती आधी बंद करायची. वर कितीही पाणी ओतलं तरी टाकी भरत नाही.

त्रिकोणमिती तिला 'येते' असं ती म्हणेल. तिला विचार, कोन रेडियनमध्येच का मोजायचा? साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन, हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे. अंशांत मोजलं की पाय भागिले १८० हा गुणक जागोजागी चिकटतो. हे तिने युनिट सर्कल काढून मला समजावून सांगितलं तर मी म्हणेन पाया पक्का आहे. दुहेरी कोनाची सूत्रं मात्र पाठच हवीत. साइनच्या वर्गाचं इंटिग्रल त्यांच्याशिवाय निघत नाही, आणि पोलर वक्रांचं क्षेत्रफळ काढताना ते पुन्हा पुन्हा समोर येतं.

पुस्तक लांब शोधू नकोस. बालभारतीचं अकरावीचं गणित, २०१९ साली आलेलं, इंग्रजी माध्यमाचं घे. भाग १ मधले कोनमापन आणि त्रिकोणमितीचे धडे, भाग २ मधले फंक्शन्स आणि सीक्वेन्स-सीरीजचे. भाग २ मध्ये लिमिट आणि डिफरन्सिएशनही आहे. ते या सुट्टीत उघडू नका.

आणि नाशिकला आलीच आहात तर तिला कापरेकरांची ओळख करून दे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. संशोधनाची पदवी नव्हती, तरी संख्यांचा ध्यास आयुष्यभर होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. त्यांची ६१७४ ही संख्या तिला माहीत असेलही. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचता आणि तिथेच राहता.

मुलं हे करून बघतात, टाळ्या वाजवतात आणि सोडून देतात. तुझ्या लेकीला म्हण, हे सिद्ध कर. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड माना. वजाबाकी मांडली की ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढंच उरतं. म्हणजे फरक नेहमी ९ ने भाग जाणारा. पण खरी गंमत पुढे आहे. फरक ठरतो तो फक्त अ − ड आणि ब − क या दोन आकड्यांवर. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतकाच. मोजून पाहा, एकूण ५४ जोड्या होतात. दहा हजारांच्या आसपास संख्या पहिल्याच पायरीनंतर ५४ वर आल्या! तेवढ्या तर हाताने तपासता येतात. तपासल्या की सिद्धता पूर्ण, कॉम्प्युटर नको. अक्षरं मानणं, पसारा आवरणं, उरलेलं एकही न सोडता तपासणं आणि ते दुसऱ्याला पटेल असं लिहिणं, बीसीच्या दीर्घ प्रश्नांना हेच लागतं. यावर तिने दोन-तीन दिवस घालवले तर ते अभ्यासातच धर.

— नाशिकचे काका

---

काका, खूप आभार. लिमिटचं गणित दिलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, वर्गमूळ असलेला अंश पाहून तिने पेन खाली ठेवलं. पण तिच्या मैत्रिणी तिकडे ऑनलाइन डेरिव्हेटिव्ह शिकतायत, म्हणून ती अस्वस्थ आहे. आणि वर त्या बाबांनी सीरीजचं लिहिलंय ते वाचून मीही धसका घेतलाय. बारावीचं शिकवणारं कुणी इथे सीरीज शिकवेल का? ग्राफिंग कॅल्क्युलेटर आत्ताच घ्यावा का?

— लेकीची आई

---

डेरिव्हेटिव्ह तिला सप्टेंबरमध्ये शाळा शिकवेलच, आणि नीट शिकवेल. बीजगणित कुणी पुन्हा शिकवणार नाही. मैत्रिणींचं तिला असंच सांग.

सीरीजसाठी बारावीचा मास्तर शोधू नकोस. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स आमच्या बारावीत आहेत, कन्व्हर्जन्सच्या कसोट्या नाहीत. त्या इथे बीएस्सीला येतात. आत्ता एवढंच करा: १/२ + १/४ + १/८ अशी बेरीज १ कडे का जाते आणि १ + १/२ + १/३ + १/४ ही बेरीज, पदं लहान होत जाऊनही, कुठेच का थांबत नाही. दुसरीत पदांचे गट करा. १/३ + १/४ अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठही तशीच. 'पद शून्याकडे जातंय म्हणजे बेरीज मर्यादित' हा गैरसमज आत्ताच मोडला तर वसंतातली निम्मी भीती जाईल.

त्यात रमली तर केरळच्या माधवाची श्रेणी दाखव. चौदाव्या शतकातला माणूस. १ − १/३ + १/५ − १/७ अशी बेरीज पायच्या चतुर्थांशाकडे जाते. मध्येच थांबलं तर पडणारी चूक पुढच्या पदाहून मोठी नसते, हा बीसीतला नियम इथे लावून बघू दे. पायची किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत खात्रीने मिळवायला शेकडो पदं लागतात, हे तिचं तिलाच दिसेल.

कॅल्क्युलेटर परत गेल्यावर, शाळा सांगेल तो घ्या. सहा दीर्घ प्रश्नांपैकी चार त्याच्याशिवायच सोडवायचे असतात. सुट्टीभर कागद आणि पेन.

शनिवारी सकाळी दहानंतर तिला घेऊन गंगापूर रोडला घरी ये. पॅकेट आण. उत्तरं आधी तपासू नका, अडलेल्या जागी फक्त पेन्सिलने खूण करून ठेवा.

— काका